नवे स्वयंपाकघर : आधी हिशेब, मग ॲडव्हान्स

वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेली माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात आली. एका कोपऱ्यात ओटा आणि मोरी एवढ्यावर संसार केलेल्या आपल्या आयाबहिणींना आता बंद कपाटांचे, नीटनेटके स्वयंपाकघर हवेसे वाटते. यात चैन कसली? पण चावी हातात पडते न पडते तोच ‘मॉड्युलर किचन’ची पत्रके दारात येतात, आणि त्यांवर महिन्याचा हप्ता मोठ्या अक्षरांत असतो.

म्हणून हप्त्याचाच हिशेब आधी करू. समजा, १ लाख रुपये कर्ज घेतले, मुदत ३ वर्षे, व्याज १२ टक्के. हे व्याज ‘फ्लॅट’ असेल तर ३६,००० रुपये व्याज होते व हप्ता सुमारे ३,७७८ रुपये बसतो. तेच १२ टक्के घटत्या शिलकेवर आकारले तर हप्ता सुमारे ३,३२१ रुपये आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास. टक्के तेच, पण फरक सोळा हजारांचा! घटत्या शिलकेच्या भाषेत ‘फ्लॅट १२’ म्हणजे २१ टक्क्यांच्याही वर. तेव्हा सही करण्यापूर्वी हा एक प्रश्न विचाराच. ‘शून्य टक्के व्याज’ या शब्दांवर तर मुळीच भुलू नये. अशा योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना मनाई केली. व्याज प्रोसेसिंग फीमध्ये किंवा न दिलेल्या रोखीच्या सवलतीत दडलेले असते.

आता माप. ओटा ८ फूट लांब असेल आणि खालचे शटर अडीच फूट उंच, तर ते झाले २० चौरस फूट. वरची कपाटे २ फूट उंचीची धरली तर १६. एकूण ३६ चौरस फूट. उदाहरणासाठी दर १,५०० रुपये धरला तर ५४,००० रुपये. परंतु या आकड्यात सिंक, नळ, ट्रॉल्या, बिजागऱ्या, वायरमन, प्लंबर आणि जीएसटी धरले आहेत की नाहीत? तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन घ्यावे आणि तिन्हींत याच गोष्टी आहेत का ते ओळीने तपासावे. नाहीतर स्वस्त दिसणारेच शेवटी महाग पडते.

मालाच्या बाबतीत सिंकखालची जागा सर्वांत नाजूक. पार्टिकल बोर्डला पाणी लागले की तो फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. प्लायवूडवर आयएसआयचा शिक्का व क्रमांक पाहावा. ‘आय.एस. ७१०’ म्हणजे मरीन प्लाय. सगळीकडे तो लावण्याची गरज नाही, पाण्याजवळ मात्र काटकसर नको. त्याहून सोपा मार्ग म्हणजे कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्या घालून त्यांना फक्त चौकट आणि शटर बसवणे. माझ्या मते आपल्यासारख्यांच्या घराला हाच उत्तम. कडप्प्याला वाळवी लागत नाही.

कोटेशन बहुधा घरातील पुरुष ठरवतो आणि ओट्याशी उभी राहते बाई! माप घेताना तिला तेथे उभे करा. कोपर वाकवले असता ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली यावा. धान्याचा डबा, मोठी पातेली, पाण्याचे पिंप कुठे राहील हे तिलाच विचारा. जाहिरातीतल्या स्वयंपाकघरात पाण्याचे पिंप कुणी पाहिले आहे काय? गॅस सिलिंडर शटरआड ठेवायचा असेल तर शटरला खालच्या बाजूस जाळी हवीच. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तळाशी साचतो.

ॲडव्हान्स एक तृतीयांशाहून अधिक देऊ नये, आणि पावतीशिवाय तर देऊच नये. उरलेली रक्कम कामाच्या टप्प्यांनी द्यावी. हाताशी पैसा कमी असेल तर आधी नळ, ओटा आणि खालची कपाटे करून घ्यावीत. वरची कपाटे पुढच्या बोनसपर्यंत थांबू शकतात, विजेचे पॉइंट मात्र आताच काढून ठेवावेत, कारण टाइल्स लागल्यावर भिंत फोडायचा खर्च वेगळा येतो.