लेथवरचं लाकूड: छंद ठेवायचा की धंदा करायचा?

लेथवर लाकूड फिरायला लागलं, पटाशी टेकवली आणि छिलका सुटायला लागला, की माणूस वेळ विसरतो. चौकोनी ठोकळा डोळ्यांदेखत गोल होतो. हे सुख खरंच आहे. पण हिशोब इथेच गडबडतो, कारण तो वेळ आपण मोजतच नाही.

एका लाटण्याला पाऊण तास गेला, तर कारखान्यातल्या लाटण्यापुढे तुम्ही भावात टिकणार नाही. (आपल्या सोलापुरात भाकरी हातानेच थापतात, पण पोळीला लाटणं लागतंच की!) मग विकायचं काय? सावंतवाडीची लाकडी फळं बघा. कर्नाटकातलं चन्नपट्टण बघा: फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबतात, घर्षणाने लाख वितळून चढते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. गिऱ्हाईक पैसे त्या चकाकीचे देतं.

आधी एकाच मापाचे दहा भोवरे करा, घड्याळ लावून. दहावा करतानाही मजा आली, तर धंद्याचं बघू. कंटाळा आला तर छंदच ठेवा, त्यात कमीपणा कसला?

आणि हो, ओलं लाकूड घेऊ नका, वाळताना तडकतं. लेथजवळ सैल बाही, ओढणी नको. डोळ्यांना चष्मा हवाच.