‘बोर्ड गेलाय’ म्हणण्याआधी

लॅपटॉप सारखा रीस्टार्ट होत असेल, तर तो नेमका कुठल्या टप्प्यावर अडतो हे आधी पाहा. दुरुस्तीचं निम्मं काम तिथेच होतं.

लोगो येतो. त्याखाली पांढरे ठिपके गोल फिरू लागतात. मग क्षणभर निळा पडदा चमकतो, अंधार होतो आणि पुन्हा लोगो. हे एकदा सुरू झालं की थांबत नाही, आणि नेमका त्याच दिवशी सीईटीचा अर्ज भरायचा असतो किंवा कॉलेजचा प्रोजेक्ट जमा करायचा असतो.

मुंबईत मानखुर्दमध्ये, लल्लूभाई कंपाउंडपासून महाराष्ट्र नगरपर्यंत, पुष्कळ घरांत लॅपटॉप एकच असतो. तोही बहुधा सेकंडहँड: एखाद्या कंपनीने काही वर्षं वापरून काढून टाकलेला, लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून आणलेला. मुलीचं कॉलेज, मुलाचा क्लास, वडिलांची बिलं, सगळं त्या एकाच यंत्रावर. तो घेऊन दुकानात गेलं की दोनपैकी एक वाक्य कानावर पडतं: ‘बोर्ड गेलाय’ किंवा ‘फॉरमॅट मारावा लागेल’. पहिल्या वाक्याने खिसा रिकामा होतो, दुसऱ्याने वर्षाचं काम पुसलं जातं. कधी कधी ही वाक्यं खरीही असतात. पण ती तपासणीच्या शेवटी यायला हवीत, गिऱ्हाईक काउंटरवर बॅग ठेवतं तेव्हाच नव्हे.

८५ लाख धडधाकट संगणक

यंत्र पूर्ण चांगलं असूनही ते या फेऱ्यात अडकू शकतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा १९ जुलै २०२४ या दिवशी जगाने पाहिला. त्या शुक्रवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक छोटी फाइल पाठवली. फाइल सदोष होती. विंडोज सुरू होताना ती वाचली जाई, विंडोज कोसळे, संगणक रीस्टार्ट होई आणि पुन्हा तीच फाइल वाची. चूक ध्यानात येऊन १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली गेली. मात्र तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक अडकले होते. विमान कंपन्यांचे संगणक बंद पडल्याने मुंबई विमानतळावरही चेक-इन हाताने करावं लागलं.

उपाय काय होता? सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या चालू होणाऱ्या विंडोजमध्ये जायचं, ती एक फाइल डिलीट करायची आणि संगणक परत चालू करायचा. कुणाचा बोर्ड बदलावा लागला नाही. घरगुती लॅपटॉपवर हे सॉफ्टवेअर सहसा नसतं, त्यामुळे ते वाचले. पण एखादा फसलेला अपडेट किंवा बिघडलेला ड्रायव्हर घरच्या लॅपटॉपची अगदी हीच गत करतो.

कुठे अडला ते पाहा

पॉवरचं बटण दाबल्यापासून पासवर्डचा पडदा येईपर्यंत ठरावीक क्रमाने कामं होतात. आधी बोर्डला वीज मिळते. मग बोर्डवरच्या एका चिपमधला बायोस जागा होतो आणि रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तपासतो. ते ठीक असेल तर लोगो दिसतो. त्यानंतर डिस्कवरचं विंडोज शोधलं जातं, ते रॅममध्ये चढतं, ड्रायव्हर सुरू होतात आणि शेवटी आपण आत जातो. हार्बरची वाशीकडे जाणारी गाडी टिळकनगरला अडली तर बिघाड कुणी वाशीला शोधत नाही. इथेही तसंच. लॅपटॉप जिथे अडतो, त्याच्या पुढे बिघाड शोधायचा नसतो, आणि आधीचं सगळं बहुधा ठीक असतं.

लोगोच येत नाही

दिवा लागतो, पंखा फिरतो, दोन-चार सेकंदांत सगळं बंद आणि परत चालू. पडदा मात्र काळाच. इथे विंडोजचा काही संबंध नाही. वीज, रॅम किंवा बोर्ड, यांपैकीच कुठेतरी अडलेलं असतं.

सुरुवात फुकटच्या उपायाने करा. चार्जर, माउस, पेनड्राइव्ह, सगळं काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डवर साठलेली वीज उतरते. मग फक्त चार्जर लावून चालू करा. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं.

चार्जरचा तपासही इथेच करा. त्याच्या मागे ‘आउटपुट’समोर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असं काहीतरी छापलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, इथे ६५. लॅपटॉपला ६५ वॅट लागत असतील आणि मिळेल तो ४५ वॅटचा चार्जर लावला असेल, त्यात बॅटरीही मेलेली असेल, तर भार वाढताच लॅपटॉप मान टाकतो. ‘व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून’ असं कारण आपल्याकडे सर्रास दिलं जातं. पण बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही सोसतात. खरा गुन्हेगार बहुधा सैल झालेला एक्स्टेन्शन बोर्ड असतो. चार्जर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून बघा.

पावसाळ्यात आणखी एक कारण भेटतं. खाडीकाठची दमट हवा, धूळ, कधी सांडलेला चहा यांमुळे पॉवरचं बटण आतल्या आत चिकटतं. आपण बोट काढून घेतलं तरी लॅपटॉपला ते दाबलेलंच वाटतं. म्हणून तो बंद होतो आणि परत चालू होतो. बटण नीट टक्कन वर येतं का, हे बोटाने तपासता येतं.

त्यानंतर रॅम. कंपन्यांतून आलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ती सहसा काढता येते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहायची. पट्टीच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. दमट हवेत त्यावर पातळ थर चढतो आणि जोड सुटतो. दुकानात त्यावर खोडरबर फिरवताना तुम्ही पाहिलं असेल. त्याने काम होतं, पण सोनेरी मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेलं मऊ कापड अधिक चांगलं. पट्टी तिरकी बसवून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा आवाज यायला हवा. तो आला नाही तर ती बसलेली नाही.

या टप्प्यावर लॅपटॉप स्वतःही बोलतो. डेलमध्ये दिवा नारिंगी-पांढरा लुकलुकतो, एचपीमध्ये कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा चमकतो. या खुणांचा अर्थ कंपनीच्या साइटवर मॉडेलनुसार दिलेला असतो. दुकानात जाण्याआधी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.

लोगो येतो, विंडोज येत नाही

लोगो दिसला म्हणजे बोर्ड, रॅम, पडदा यांनी पहिली परीक्षा पार केली. आता डिस्ककडे बघायचं. लॅपटॉप चालू करताना डेल, लेनोवोमध्ये साधारणपणे एफ-२ आणि एचपीमध्ये एफ-१० दाबत राहिलं की बायोस उघडतो. तिथे हार्डडिस्क किंवा एसएसडीचं नाव दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर डिस्क सैल झालीय किंवा गेलीय.

नाव दिसत असेल तर बायोसमधली तारीख बघा. ती भलत्याच वर्षाची असेल, तर बोर्डवरचा बटणाएवढा सेल संपलाय. जुन्या लॅपटॉपमध्ये हे हमखास होतं. सेल संपला की बायोस आपल्या मूळ सेटिंगवर जातो, डिस्क वाचण्याची पद्धत बदलते आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेनाशी होते. सेल बदलून सेटिंग पूर्ववत केलं की लॅपटॉप उभा राहतो. एवढ्यासाठी विंडोज नव्याने टाकण्याची काही गरज नसते.

ठिपके फिरतात आणि रीस्टार्ट होतो

हा सगळ्यात नेहमीचा प्रकार, आणि घरच्या घरी सुटण्याची शक्यता यातच सर्वाधिक. लागोपाठ दोन-तीनदा सुरुवात फसली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा आणतं. आला नाही, तर ठिपके दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. दोन-तीनदा असं केलं की तो येतो.

त्यात ट्रबलशूट आणि मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. आधी स्टार्टअप रिपेअर करून पाहा. जमलं नाही आणि दोन-चार दिवसांत अपडेट झाला असेल, तर अनइन्स्टॉल अपडेट्स. त्यानंतर सिस्टिम रिस्टोअर. स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ४ दाबलं की सेफ मोड मिळतो, आणि ९ दाबलं की कोसळल्यावर आपोआप रीस्टार्ट होणं थांबतं. त्यामुळे निळा पडदा स्थिर राहतो आणि त्यावरचं कारण वाचता येतं. नव्या विंडोज ११ मध्ये तो पडदा काळा असतो. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहिलं असेल तर डिस्क किंवा बायोसचं सेटिंग, ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल तर बहुधा रॅम. त्या पडद्याचा फोटो काढा. दुरुस्ती करणाऱ्याला तो मोठा आधार असतो.

असे बिघाड अनेकदा अर्धवट अपडेटमुळे होतात, आणि अचानक वीज गेली की अपडेट अर्धवट राहू शकतो. १२ ऑक्टोबर २०२०ला वीजवाहिन्यांतल्या बिघाडाने सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली आणि मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षाही पुढे ढकलाव्या लागल्या. बॅटरी चांगली असेल तर लॅपटॉप असा झटका सहज पचवतो. बॅटरी मेली असेल तर वीज जाताच तो जागीच बंद पडतो. त्या क्षणी अपडेट चालू असेल तर फाइल अर्धीच लिहिली जाते.

चालू होतो, पण टिकत नाही

दहा-पंधरा मिनिटं नीट चालून बंद पडत असेल तर हात लावून पाहा. उष्णतेने लॅपटॉप सहसा आधी मंदावतो आणि मग पुरता बंद होतो. लगेच स्वतःहून चालू होत नाही. खालचं झाकण उघडलं की पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक पत्र्यांची जाळी दिसते. तिच्यावर धुळीचा करडा, दाट थर जमलेला असतो, चिमट्याने सोलून काढता येईल इतका. हवा तिथेच अडते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर जोरात फिरून तो बिघडतो.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर ताबडतोब काढा, दाबू नका, टोचू नका. ती बदलायचीच, आणि जुनी घरच्या कचऱ्यात किंवा भंगाराच्या पोत्यात टाकायची नाही. मानखुर्दच्याच मंडाळ्यातल्या भंगार गोदामांना किती वेळा आगी लागल्या, हे इथल्या माणसांना सांगायला नको. फुगलेली लिथियम बॅटरी तिथे पोचू नये, ही आपली जबाबदारी.

पेनड्राइव्हची कसोटी

विंडोज बिघडलंय की यंत्र, याचा निवाडा करणारी एक सोपी चाचणी आहे. दुसऱ्या कुणाच्या संगणकावर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट उतरवून घ्या. या दोन्ही विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या लिनक्स प्रणाली आहेत. त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करा आणि ‘इन्स्टॉल’ न करता नुसता वापरून पाहा. तासभर न अडखळता चालला, तर बोर्ड, रॅम, पंखा, चार्जर बहुतेक ठणठणीत आहेत. दोष विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. तिथेही रीस्टार्ट झाला, तर विंडोज पुन्हापुन्हा टाकून काही हाती लागणार नाही.

याच मार्गाने डिस्कवरच्या फाइल्स दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवूनही घेता येतात. डिस्क कुरकुर करत असेल तर हे काम सगळ्यात आधी. मरणासन्न डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग केले तर उरलासुरला डेटाही जातो. डिस्क काढून यूएसबीच्या केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडणं, हा दुसरा मार्ग.

एक अडथळा मात्र येऊ शकतो: बिटलॉकर. नव्या विंडोजमध्ये डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद झालेली असते. बोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, पण खात्याचा पासवर्डच आठवत नसेल तर चांगली डिस्कही उघडत नाही.

दुकानात जाताना

चांगले कारागीर आपल्या आसपास पुष्कळ आहेत, आणि त्यांना नेमकी माहिती देणारं गिऱ्हाईक आवडतं. ‘लॅपटॉप चालत नाही’ एवढंच सांगू नका. कुठल्या टप्प्यावर अडतो, काय लिहून येतं, काय करून पाहिलं, ते सांगा. डेटा हवाय, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका, हे पावतीवरच लिहून घ्या. बोर्ड गेलाय म्हणाले तर कसं तपासलं ते विचारा, आणि बदललेला भाग परत मागा. बिल घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि बिल असेल तर तक्रारीला वजन येतं.

यातल्या तीन गोष्टी लॅपटॉप चांगला चालत असतानाच उरकायच्या आहेत. महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसरीकडे ठेवा, बिटलॉकरची किल्ली वहीत लिहून ठेवा आणि लिनक्सचा तो पेनड्राइव्ह बनवून ठेवा. एका रविवारच्या दुपारचं काम आहे. ते झालेलं असलं की लॅपटॉप बिघडला तरी फार तर दुरुस्तीचे पैसे जातील, मुलांचं वर्ष जाणार नाही.