विश्लेषण : मांजर खेळते खूप, पण मांडीवर येत नाही... त्याचा लळा ओळखायचा कसा?

दिवसभर उड्या, पडद्यांवर चढाई, पहाटे घरभर धावाधाव. मात्र कुशीत घ्यायला गेले की अंग चोरून पसार. अशा मांजराला ‘माणूसघाणे’ ठरवून अनेक जण त्याचा नाद सोडतात. काही घरांत ते दुसऱ्याला देऊन टाकण्याची भाषा सुरू होते. पण अशा मांजरालाही माणसाचा लळा असू शकतो.

मांजर जवळ घेणे का टाळते?

मांजर शिकारी असले तरी आकाराने लहान आहे. मोठे प्राणी त्यालाही मारतात. घट्ट धरले की पळायची वाट बंद होते आणि ते घाबरते. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसाच्या हाताची सवय झाली, तर ते पुढे सहज जवळ येते. गल्लीत किंवा पार्किंगमध्ये वाढून उशिरा घरात आलेल्या पिल्लाला हे अवघड जाते. काहींचा मूळ स्वभावच तसा असतो.

लळा कसा ओळखावा?

शेपटी उभी धरून सामोरे येणे, पायाला गाल घासणे, या खोलीतून त्या खोलीत मागे येणे, हातभर अंतरावर झोपणे, या सगळ्या विश्वासाच्या खुणा आहेत. अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात पिल्लांना थोडा वेळ एकटे ठेवले गेले. पालक परतल्यावर सुमारे ६४ टक्के पिल्ले निर्धास्त झाली आणि मधूनमधून त्याच्याकडे येत खोली धुंडाळू लागली. आधार वाटणे म्हणजे सतत चिकटून बसणे नव्हे.

नाते खेळातून कसे जुळते?

मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चपळ असते. त्या वेळी काठीला दोरीने पीस बांधून ते उंदरासारखे सरपटवावे, लपवावे, थांबवावे. शेवटी ‘शिकार’ त्याच्या पंजात येऊ द्यावी आणि लगेच जेवण द्यावे. लेझरचा ठिपका कधीच हाती लागत नसल्याने मांजर चिडचिडे होऊ शकते. दिवसाला पाच-दहा मिनिटेही पुरतात. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात इतक्या खेळाने मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत २५ टक्के घट झाली. हाताची बोटे मात्र खेळणे म्हणून वापरू नयेत. चावण्याची सवय लागते. खेळून झाल्यावर दोरी उचलून ठेवावी, कारण गिळलेला दोरा आतड्यात अडकून जिवावर बेतू शकतो.

स्पर्श कसा करावा?

आधी बोट पुढे करून हुंगू द्यावे. मांजराने गाल टेकवला तर गाल आणि हनुवटी खाजवावी. पोट आणि शेपटीचे मूळ टाळावे. दोन-तीन सेकंदांनी हात मागे घ्यावा. हवे असेल तर ते स्वतः पुढे येते. शेपटी आपटणे, कान मागे जाणे, पाठीची कातडी थरथरणे म्हणजे ‘आता पुरे’. त्याच्याकडे पाहून सावकाश डोळे मिटावेत. त्यानंतर मांजरे जवळ येण्याची शक्यता वाढते, असे २०२० मध्ये ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांना आढळले.

काळजी केव्हा करावी?

एरवी जवळ येणारे मांजर अचानक लपू लागले, स्पर्श करताच गुरगुरू लागले किंवा खेळणे-खाणे थांबले, तर ते दुखण्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी पशुवैद्यकाला दाखवावे. धडधाकट मांजराच्या बाबतीत मात्र धीर धरावा. जबरदस्तीने उचलले नाही, तर महिन्यागणिक ते वीतभर जवळ सरकते. काही मांजरे मांडीवर कधीच बसत नाहीत. पण दाराचे कुलूप उघडताच उंबऱ्याशी हजर असतात.