बुडबुड्यांचा घाव

यकृतातली गाठ सुरीशिवाय आणि उष्णतेशिवाय फोडणाऱ्या हिस्टोट्रिप्सीला अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता दिली. हे तंत्र मिशिगन विद्यापीठात विकसित झालं. त्वचेवरून सोडलेल्या अल्ट्रासाउंडच्या तीव्र लहरी गाठीत एका बिंदूवर एकवटतात. तिथे सूक्ष्म बुडबुडे फुगतात, कोसळतात आणि पेशींच्या चिंधड्या करतात. सारं काही मायक्रोसेकंदांत! बोटांच्या स्पर्शावर भिस्त ठेवणाऱ्या सर्जनला हे नुसत्या शब्दांत कसं उमगावं? ॲनिमेशन तो क्षण ताणून दाखवतं: पेशी फुटतात, पण कोलॅजनमुळे चिवट असलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या बहुधा तगतात. मात्र पडद्यावर यकृत स्थिर दाखवणं सोपं. खरं यकृत श्वासागणिक सरकतं. ती हालचाल ॲनिमेशनमधून गाळू नये, असं मला ठामपणे वाटतं. नेम धरण्याची कसोटी तिथेच लागते.