कॅबिनेट उघडण्याआधी

जुना संगणक सुधारायला पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर बहुतेक वेळा आधी एसएसडी घ्या. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० पर्यंत जाते. पण खरा फरक विखुरलेल्या लहान फायली शोधताना पडतो. डिस्कचे हेड योग्य जागी पोचायला दहाएक मिलिसेकंद घेते, एसएसडीत हेडच नसते. मदरबोर्डवर एम.२ स्लॉट दिसला म्हणून एनव्हीएमई ड्राइव्ह आणायला धावू नका. काही स्लॉट फक्त साटा ओळखतात. जुनी डिस्क नव्या ड्राइव्हवर क्लोन करण्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रे वेगळ्या जागी उतरवून ठेवा. क्लोनिंग म्हणजे बॅकअप नव्हे, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमच्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते. बसत नसेल तर दाबू नका, ती पट्टी त्या बोर्डाची नव्हेच. सारख्याच दोन पट्ट्या ड्युअल चॅनलला सोयीच्या. वेग वेगळे असले तर दोन्ही सहसा हळू पट्टीच्या वेगाने चालतात. घरगुती ३२ बिट विंडोज मात्र ४ जीबीपलीकडची रॅम वापरत नाही.

काम करताना प्लग काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. गालिच्यावर बसून हे करू नका. जुनी डिस्क भंगारात देणार असाल, तर नुसते फॉरमॅट पुरत नाही. आधी पूर्ण पुसा.