गुरूच्या नावाचे गाणे

अमरावतीने दिलेले एक नाव पुण्याच्या सर्वांत मोठ्या संगीतसमारोहाच्या माथ्यावर आहे, ही गोष्ट खुद्द वऱ्हाडातही क्वचितच बोलली जाते. कुंदगोळचे रामभाऊ हे नाट्यकला प्रवर्तक मंडळीत स्त्रीभूमिका करीत असत. मंडळीचा मुक्काम अमरावतीस असता त्यांचे गाणे ऐकून दादासाहेब खापर्डे यांनी त्यांस ‘सवाई गंधर्व’ म्हटले. बालगंधर्वांचे नाव त्या काळी घरोघरी झालेले होते. तेव्हा ‘सवाई’ म्हणजे सव्वापट, या कौतुकात थोडी चुरसही होतीच. खापर्डे हे नामांकित वकील आणि लोकमान्यांचे सहकारी. ‘बालगंधर्व’ हे नाव टिळकांनी दिले असे सांगतात. म्हणजे दोन्ही गंधर्वांची बारशी राजकारणातल्या मंडळींनीच केली, ही मौजेची गोष्ट होय.

त्या नावाचा समारोह ऐकावयास दर्यापुराहून डिसेंबरात एखादा रसिक पुण्यास निघाला, तर वाट सोपी नाही. बनोसा स्टेशनावरून धावणारी शकुंतला गाडी बंद पडली आहे. तेव्हा सडकेने मूर्तिजापूर गाठावयाचे आणि तेथून मोठ्या गाडीने रात्र काढावयाची. गाणे तर घरबसल्या खिशातल्या यंत्रावर ऐकता येते, मग हा खटाटोप कशासाठी, असे घरची माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्याच्या नावाने समारोह भरतो तो गवई १९५२ साली निवर्तला; त्याला प्रत्यक्ष ऐकलेले माणूस आता विरळा. मग स्मरण करावयाचे ते कशाचे?

हा प्रश्न दूरदेशीही पडलेला आहे. अमेरिकेत आयोवा प्रांती क्लिअर लेक नावाचे लहानसे गाव आहे. तेथील ‘सर्फ बॉलरूम’ या नृत्यशाळेत २ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री रॉक अँड रोल या नव्या संगीताचे तीन गायक गायिले आणि मध्यरात्रीनंतर त्यांचे लहान विमान शेतात कोसळले. बडी हॉली २२ वर्षांचा होता, रिची व्हॅलेन्स अवघा १७ वर्षांचा, जे. पी. रिचर्डसन २८ वर्षांचा. १९७९ पासून त्याच नृत्यशाळेत त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी जलसा भरत आला आहे. अशा जलशांत गाणारे पुष्कळदा मूळ गायकाची गाणी त्याच चालीत, त्याच ठेक्यात गातात. कोणी हॉलीसारखा जाड काड्यांचा चष्माही लावतो. त्यात हसण्यासारखे काही नाही. ते संगीत जन्मले तेच ध्वनिमुद्रिकेच्या आश्रयाने. मुद्रिका हीच तेथे मूळ कृती, आणि जितके साम्य अधिक तितके स्मरण खरे.

आपल्या ख्यालाची गोष्ट उलटी आहे. रामभाऊंच्या काळच्या ध्वनिमुद्रिकेत एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. आणि ज्यांची मैफल तापावयासच वेळ लागे, आवाज मुळात सहज वळणारा नसल्याने ज्यांना एकेका सुरासाठी श्रमावे लागे, त्यांची तीन मिनिटे म्हणजे वाड्याचा नुसता उंबरा. आत काय होते ते शिष्यांकडूनच कळावयाचे.

शिष्य तरी कसे? गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास शिकावयास जात. त्यांचा आवाज पुढे पुरुषी म्हणावा इतका भारदस्त झाला. मुंबईचे फिरोज दस्तूर हे लहानपणी बोलपटांत कामे केलेले. त्यांच्या गळ्यात रामभाऊंचे गुरू अब्दुल करीम खाँ यांची हळुवार छाया अधिक. भीमसेन जोशी १९३६ च्या सुमारास कुंदगोळास आले, गुरूच्या घरी पाणी भरले आणि तोडी, मुलतानी, पुरिया हे तीन राग वर्षानुवर्षे घोटीत राहिले. त्यांच्या ताना मेघगर्जनेसारख्या. एकाच विहिरीचे पाणी, पण तिघांत एकही दुसऱ्यासारखा गायिला नाही.

तरीही पुरिया घ्यावा. या रागात पंचम नाही. ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. गवई गंधार-निषादांभोवती रेंगाळतो आणि षड्जावर येणे लांबवितो. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीस लागतो आणि षड्ज आला की सुटतो. हे लांबविणे किती सोसावयाचे, एका सुराचे पोट भरल्यावाचून दुसऱ्याकडे वळावयाचे नाही, ही शिस्त तिन्ही शिष्यांत एकच. रामभाऊ ऐकावयाचे ते येथे. नक्कल करणारा शिष्य गुरूचा आवाज उचलील. शिकलेला शिष्य गुरूचा धीर उचलतो. दर्यापूरच्या रसिकाने मंडपात बसून एवढेच धरले, तर रात्रीचा प्रवास वसूल झाला म्हणावयास हरकत नाही.

रामभाऊंना १९४२ च्या सुमारास अर्धांगाचा झटका आला आणि गाणे थांबले. १९४६ साली पुण्यात त्यांची षष्ट्यब्दिपूर्ती झाली, तेव्हा तरुण भीमसेन त्यांच्यापुढे गायिले आणि त्या गाण्याने त्यांचे नाव झाले. गुरू गेल्यावर १९५३ पासून त्यांनी व आर्य संगीत प्रसारक मंडळाने हा उत्सव चालविला. भीमसेन २०११ च्या जानेवारीत गेले. समारोहाच्या नावात आता गुरूशेजारी शिष्यही आहे. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यातही स्मृत्युत्सव होतो. तो लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच काहींना अधिक प्रिय.

पुण्याचा मंडप मात्र विस्तारत गेला. रमणबागेत होता, तो मुकुंदनगरास गेला. सतार, बासरी, नृत्य, इतर घराणी, सर्वांस तेथे पाट मांडलेला. खाण्याच्या ठेल्यांवर गर्दी फार, अशी कुरकूर जुने श्रोते करतात. तीत तथ्य आहे, पण मैफलीच्या आवारात चहा पूर्वीही कमी विकला गेला नसेल. खरा तोटा निराळाच आहे. पूर्वी हा समारोह रात्रभर चाले. ध्वनिवर्धकांच्या वेळेचे निर्बंध आल्यापासून बहुतेक दिवशी रात्री दहाला गाणे आवरावे लागते आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी ऐकावयास मिळत नाहीत. ज्या गायकीचे सारे बळ धीरात, तिलाच घड्याळाकडे पाहावे लागते.

समारोपाचे गाणे अनेक वर्षे प्रभा अत्रे गात. २०२४ च्या जानेवारीत त्याही निवर्तल्या. त्या गाण्यानंतर एक रिवाज पाळला जात आला आहे. रामभाऊंनी गायिलेल्या भैरवीच्या ठुमरीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. कित्येक तास मोठमोठ्या कर्ण्यांतून गाणे ऐकल्यावर हा आवाज बारीक वाटतो, सुईची खरखर मध्ये येते. ज्याने ती प्रथमच ऐकली त्याला पहिल्या ओळीत विशेष काही सापडत नाही. मग एका सुरावर तो आवाज जरा अधिक थांबतो, आणि तेच थांबणे या दिवसांत निरनिराळ्या गळ्यांतून ऐकल्याचे ध्यानात येते. साडेतीन मिनिटांत मुद्रिका संपते. लोक सतरंज्या झटकून उठू लागतात, आणि दर्यापूरच्या माणसाला मूर्तिजापूरची गाडी गाठावयाची असते.