शाई, कागद आणि फोटोचं आयुष्य

मंडळी, आजचा प्रश्न घरातलाच आहे. आजोबांचा कृष्णधवल फोटो साठ-सत्तर वर्षं भिंतीवर टिकतो, आणि नातीच्या लग्नाचा, घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेला रंगीत फोटो चार-पाच वर्षांत फिका पडू शकतो. असं का?

‘हल्लीचा मालच तसा’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण जरा थांबू. आजोबांच्या फोटोत शाई नव्हतीच. ती प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची होती. इंकजेटमध्ये शाई असते, आणि तिच्या दोन जाती आहेत. एक डाय शाई. पाण्यात साखर विरघळावी तसा तिच्यात रंग विरघळलेला असतो, प्रत्येक रेणू सुटा. उजेड आणि हवेतला ओझोन त्याला सहज गाठतात. दुसरी पिगमेंट शाई. पाण्यात गेरू कालवल्यासारखे तिच्यात न विरघळणारे कण असतात. कणाचा वरचा थर झिजला, तरी आतला रंग शाबूत राहतो.

आता कागद. ‘लगेच वाळणारा’ चकचकीत कागद बारीक छिद्रांचा असतो. त्या छिद्रांतून हवा खेळते, म्हणून डाय शाई तिथे लवकर उडते. 2000 च्या सुमारास अशाच जोडीचे फोटो काही घरांत थोड्याच दिवसांत नारिंगी झाले, कारण ओझोननं निळसर रंग आधी खाल्ला. तीच शाई फुगणाऱ्या लेपाच्या कागदात बंदिस्त होते आणि जास्त टिकते. मात्र वाळायला वेळ लागतो, आणि पाणी लागलं की पसरते. म्हणजे टिकाऊपणा एकट्या शाईचा नाही, एकट्या कागदाचाही नाही. तो जोडीचा गुण आहे.

कागदाच्या शुभ्रतेलाही भुलू नये. पुष्कळ कागदांत टिनोपालच्या जातीचं चमकद्रव्य असतं. ते निकामी झालं की कागद पिवळट दिसू लागतो. लाकडी लगद्यात लिग्निन राहिलं असेल तर तोही पिवळा पडतो. आम्लरहित सुती कागद त्या मानानं भरवशाचा.

मग पाकिटावरच्या ‘100 वर्षं’चं काय? शंभर वर्षं कोणी थांबलेलं नाही. प्रखर दिव्याखाली फोटो ठेवून हिशेब मांडतात. घरातला उजेड एकानं 450 लक्स धरला, दुसऱ्यानं 120, की त्याच फोटोचं आयुष्य जवळपास चौपट होतं! न्यायदर्शनाच्या भाषेत हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. म्हणून आकड्याआधी गृहीतक विचारावं.

सगळेच फोटो शंभर वर्षं टिकायला हवेत असं नाही. पण ज्या माणसाचा एकच फोटो आपल्याकडे आहे, त्याच्यासाठी तरी पिगमेंट शाई आणि चमकद्रव्य नसलेला सुती कागद निवडू. काचेआड लावू, उन्हासमोर नको. आणि मूळ प्रत अंधारात, कोरड्या जागी जपून ठेवू.

आता आपले प्रश्न घेऊ.